न आलेल्या खेळाचा विसार

मार्च संपत आला की आमच्या कोल्हारात दोन गोष्टी एकदमच आटोपत येतात, कारखान्याचं गाळप आणि शाळा. हवेतला मळीचा वास विरळ होतो. उसाच्या गाड्या कमी होतात आणि त्यांच्यातून पडलेली चिपाडं रस्त्याच्या कडेला वाळून पांढरी होतात. सकाळच्या शाळेतून सुटलेली पोरं कंपासपेट्या खुळखुळवत नगर-मनमाड रस्ता ओलांडतात. त्या खुळखुळाटावरून मला परीक्षा आल्याचं कळतं. कॅलेंडर बघायची गरज पडत नाही.

यंदा तो आवाज ऐकला त्याच संध्याकाळी रुबीनाचा फोन आला. रुबीना माझी मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते, स्वतःच्या पगारावर राहते आणि सुट्टीच्या दिवशी घरात बसून गेम खेळते. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ते बोलणं इथं मराठीत लिहिते.

"अम्मी, एक गेम येणार आहे. दिवाळीनंतर. आत्ताच बुक करून टाकू का?"

"दिवाळी कुठं आणि आपण कुठं!"

"आत्ता बुक केला तर वर एक तलवार मिळते."

"कशाची?"

"गेममधलीच. गेममध्ये वापरायची."

"म्हणजे हातात येणार नाही. आणि पैसे?"

"सगळे आधी द्यायचे."

"गेम खराब निघाला तर?"

"निघतात कधी कधी. मग ते लोक हळूहळू दुरुस्त करत राहतात."

माझा राग मला सगळ्यात आधी कानात कळतो. कान तापतो. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "रुबीना, तडकलेली बांगडी आधी हातात घालायची आणि मग गिऱ्हाइकाच्या मनगटावरच ती सांधत बसायचं, असा धंदा मी कधी केला नाही."

"म्हणून तर तुला विचारते," ती म्हणाली आणि हसली. "विचार करून सांग. उद्या फोन करते."

ती मलाच का विचारते, हे मला माहीत होतं. तिला ती सुट्टी आठवत असणार. मला तर आठवतेच. एखाद्याच्या मनात लग्नाचं वर्ष राहतं, एखाद्याच्या मनात दुष्काळाचं. माझ्या मनात नव्वदच्या दशकातला तो एक उन्हाळा राहिला आहे, आणि त्यातलं ऊन कमी आणि भांडण जास्त आहे.

मी बांगड्यांच्या घरातली. अब्बांनी धंदा भावांना दिला आणि मला लग्नात फक्त बांगड्यांचं माप दिलं. म्हणजे कुणाचाही पंजा दाबून बघितला की हिला दोन-चार लागेल की दोन-सहा, हे ओळखायची बोटं. तेवढ्यावर मी सुरुवात केली. उधारीवर बांगड्यांच्या माळा घेऊन, त्या खांद्यावर टाकून नदीकाठच्या गावांनी पायी फिरले. मग कोल्हारच्या बाजारात जमिनीवर पाल टाकलं. मग एसटी स्टँडजवळ गाळा घेतला आणि तो घेताना मालकाशी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "भाभी, गाळा घ्या पन आता घरी जाऊ द्या, जेवायची येळ टळून गेली." सगळं गाव मला भाभीच म्हणतं. म्हाताऱ्यासुद्धा.

त्या गाळ्याला मागे एक अंधारी खोली होती. तिच्यात मी आधी खोकी ठेवायचे. मग एकदा नगरला माल आणायला गेले तेव्हा तिथल्या बाजारात बघितलं, एका दुकानात दोन टीव्ही, त्यांना जोडलेल्या व्हिडिओ गेमच्या पेट्या, आणि पोरं पैसे देऊन बसलेली. मी उभी राहून हिशेब केला. बांगडी एकदा विकली की संपली. हा खेळ विकला तरी जागच्या जागी राहत होता. महिन्याभरात आमच्या मागच्या खोलीत एक रंगीत आणि एक काळा-पांढरा असे दोन जुने टीव्ही आले. पुढे बांगड्या, मागे गेम. मधे फक्त एक फुलाफुलांचा पडदा, तोही उन्हाळ्यात वर बांधून ठेवलेला.

बांगड्या भरताना मी गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसते, त्यामुळे गेमकडे माझी पाठ असायची. दिवसभर तो खेळ मी पाहिला नाही, ऐकला. उडी मारल्याचा एक आवाज. नाणं उचलल्याचा एक. वटवाघूळ आलं की भिर्रर्र असा. खड्ड्यात पडला की आधी एक घसरती पिपाणी आणि मग पोरांचा "गेलाऽऽ". आमच्याकडची सगळ्यात लाडकी कॅसेट एका टोपीवाल्याची होती. हा टोपीवाला उड्या मारत पूल आणि खड्डे पार करत जायचा. कुठे जायचा ते मला माहीत नव्हतं, पण वाटेत काय काय लागतं ते तोंडपाठ झालं होतं. हात बायकांच्या मनगटावर आणि कान मागे, असा माझा दिवस जायचा.

इथं आमच्या धंद्यातला एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावर आहे. बांगडी चढवताना फुटली तर नुकसान बांगडी भरणाऱ्याचं. काचेचं असतं, हात आखडतो, बाई ऐन वेळी हात मागे ओढते, काहीही होतं. पण बांगडी पेरांवरून खाली उतरून मनगटावर बसेपर्यंत ती माझी. बसली की तिची. फुटली असं आम्ही म्हणतही नाही, वाढली म्हणतो, आणि गुपचूप दुसरी घेतो. गिऱ्हाइकाकडून त्याचा पैसा मागायचा नसतो. मी घासाघिशीत कुणाला सोडत नाही, पण हा नियम कधी मोडला नाही.

लग्नाच्या चुड्याचा मात्र विसार घेते. सुपारीवर रुपया ठेवून द्यायचा. विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. तो घेतला की त्या नवरीचा चुडा दुसऱ्या कुणाला जात नाही, आणि सौदा पुरा होईपर्यंत ती सुपारी मी जपून ठेवते. विसार घेतला म्हणून वरचा नियम बदलत नाही. आधी पैसे दिले तरी फुटलेली बांगडी माझीच.

माझा समज असा, की विसार घेणारे सगळे हे मानतात.

नगरला ज्याच्याकडून मी गेमच्या कॅसेटी आणायचे त्याला पोपटशेठ म्हणत. गोल चेहरा, बोटात अंगठ्या, बोलणं मधासारखं. त्या वर्षी परीक्षांच्या आधी मी गेले, तर त्यानं काउंटरखालून एक रंगीत कागद काढला. चकचकीत. त्याच्यावर एक मोटारसायकल, मागे जळता राजवाडा आणि राजवाड्याला विळखा घालून बसलेला एक पंखवाला साप.

"नवीन आहे भाभी. अजून नगरमध्ये कुणी बघितलेली नाही. सुट्टीच्या आधी येते. विसार देऊन ठेवा."

"हे चित्र आहे शेठ. कॅसेट कुठंय?"

"बोटीत."

"कुठल्या बोटीत?"

"भाभी, बोट म्हणजे बोट. समुद्रात असते."

"मग मीपण पैसे समुद्रात टाकते. बोटवाल्यानं उचलून घ्यावेत."

दुकानातले दोघे-तिघे हसले. शेठही हसला. मग म्हणाला, "तुमची मर्जी. लोणी गावचा गेमवाला कालच येऊन गेला. त्याला दोन पाहिजेत."

हे मी ओळखते. शेवटचा डझन राहिलाय, असं मीही म्हणते. पण लोणी आमच्यापासून किती लांब! सायकलवर पोरं जातील. सुट्टीत खोली भरली तर वर्षाचं भागतं, आणि नवीन कॅसेट ज्याच्याकडे त्याचीच खोली भरते. मी बसकण मारली. चहा आला, तो पिऊन झाला, दुसरा आला. भाव थोडा उतरवला. मग भावाहून मोठी गोष्ट मिळवली. सुट्टी संपेपर्यंत ही कॅसेट राहुरीपासून राहात्यापर्यंत दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. शेठ हो म्हणाला. मी पिशवीतून सुपारी काढली, तिच्यावर रुपया ठेवला आणि सरकवली. वर निम्मे पैसे दिले.

शेठनं रुपया गल्ल्यात टाकला आणि सुपारी तोंडात.

मी बघतच राहिले. विसाराची सुपारी कुणी खातं? खरं म्हणजे तिथंच पैसे परत मागायला पाहिजे होते. पण इतका वेळ भांडून मिळवलेला सौदा होता. तो असा मोडवत नाही.

तो चित्राचा कागद मी मागून आणला आणि मागच्या खोलीत भिंतीला चिकटवला. पोरांनी आधी नुसता बघितला. मग त्यांची पुढारी छाया पुढे आली. ही शाळेतल्या गुरुजींची मुलगी. बापाचा खणखणीत आवाज आणि बापाहून जास्त शिस्त. टोपीवाल्याच्या खेळात तिचा हात कुणी धरत नव्हता.

"भाभी, पयला नंबर कुनाचा?"

"जो विसार देईल त्याचा," मी म्हणाले. गमतीनं म्हणाले होते. "सुपारीवर रुपया."

दुसऱ्या दिवसापासून पोरं सुपाऱ्या घेऊन यायला लागली. आज्यांच्या चंच्यांतून उचललेल्या. दत्तू नावाचा एक पोरगा तर कातरलेली सुपारी घेऊन आला आणि मी नको म्हणाले तेव्हा माझ्याशीच भांडला, "अख्खी असती तर मीच खाल्ली नसती व्हय?" गावातल्या म्हाताऱ्या दुकानात येऊन विचारायच्या, "भाभी, या पोरांना सुपारीचं याड कुठून लागलं गं?" मी म्हणायचे, मला काय माहीत. पण प्रत्येकाचा रुपया मी वेगळ्या डब्यात ठेवला. खर्चाच्या डब्यात मिसळला नाही. विसार होता तो.

मग परीक्षा झाल्या आणि कॅसेट आली नाही.

आमच्या भागात पेरूच्या बागा आहेत. व्यापारी येतात आणि बाग फुलावर असतानाच उक्ती घेऊन टाकतात. फळ धरायच्या आधी. ते मोठे जुगारी असतात असं लोकांना वाटतं, पण मी त्यांना बागेत फिरताना पाहिलेलं आहे. पान उलटं करून बघतात, बुंध्याची माती बोटानं उकरतात, विहिरीत डोकावतात. निदान झाड तरी उभं असतं. पुढे गारपीट झाली तर ते नशीब, कुणाची लबाडी नाही. जोखीम ती मला कळते. जिथं झाडच नाही, नुसतं झाडाचं चित्र आहे, आणि झाड आहे की नाही हे फक्त विकणाऱ्याला माहीत आहे, तिथं घेणारा जे उचलतो त्याला जोखीम म्हणायचं का, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. नंतर मात्र पुष्कळ केला.

पोरांना असले विचार नव्हते. त्यांनी न आलेला खेळ खेळायला सुरुवात केली. प्रवरेचं पाणी आटून वाळू उघडी पडली होती. तिथं त्यांनी राजवाडा मांडला. दत्तू साप झाला, कारण त्याच्याकडे पंखांसाठी गोधडी होती. मोटारसायकल म्हणून सायकलचं टायर. छायानं नियम ठरवले. सापाला शेपटीवर मारलं तरच तो मरतो, राजवाड्यात एकदाच शिरता येतं, आणि नदीत पडलं की डाव गेला. भांडण झालं की निवाड्याला माझ्याकडे येत.

"भाभी, ह्यो मेला तरी उठतोय!"

"मला शेपटीवर लागलंच न्हाई! हिनं पाठीवर मारलं!"

"कॅसेट आली की बघू," मी म्हणायचे. "त्यात जसं असेल तसं."

"कवा येनार वं?"

"येईल. मी सांगितलंय ना."

हे 'मी सांगितलंय ना' मी त्या दिवसांत किती वेळा म्हटलं असेल! रुबीनाचे अब्बा कारखान्यात होते. गाळप संपल्यावर त्यांना सुट्टी. ते दुकानात येऊन बसायचे आणि म्हणायचे, "तू कशाला त्या पोरांना शब्द देतेस? यायची तेव्हा येईल." त्यांचा स्वभाव तसा आहे. माझ्याकडे मात्र शब्दाशिवाय दुसरं भांडवल नव्हतं. खांद्यावर माळा घेऊन फिरत होते तेव्हा बायका मला दारात उभं करायच्या ते एवढ्याचसाठी, की भाभी सांगते तो माल असतो.

सुट्टी निम्मी सरली तेव्हा निरोप आला. मी पहिल्या एसटीनं गेले. शेठच्या दुकानात लाईट नव्हती. प्लास्टिकमध्ये बंद केलेली कॅसेट त्यानं माझ्या हातात ठेवली. वर तेच चित्र, आणखी चकचकीत.

"लावून दाखवा."

"लाईट नाही भाभी. आणि सील फोडलं तर वरचा माणूस परत घेत नाही. तुमच्यासाठी ठेवली म्हणून समजा, लोणीवाला रोज येतोय."

उरलेले पैसे मी मोजले आणि निघाले. परत येताना एसटीत ती कॅसेट पदरात धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "काय हाय वं? औषध का?"

दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. विसार दिलेले सगळे आले होते, न दिलेले दारात उभे होते. ऐन वेळी पुढे एका लग्नघरच्या बायका आल्या, चुडा भरायला. मी पोरांना म्हणाले, लावा तुम्ही, आणि नवरीचा हात हातात घेतला. हिरव्या बांगड्या, दोन-चार. मागे सील फोडल्याचा आवाज आला. कॅसेट पेटीत बसल्याचा खट् आला. मग सुरावट सुरू झाली.

सुरावट वेगळी होती. मी खूश झाले. मग सुरावट संपली आणि खेळ सुरू झाला.

उडी. उडी. नाणं. थोडी सरळ वाट. मग भिर्रर्र.

"भाभी, दुखतंय," नवरी म्हणाली. बांगडी पेरांवर अडकवून मी तशीच दाबून धरली होती.

उडी, दोन नाणी, पूल. पुलावर पायांचा टपटप आवाज. आता खड्डा यायला पाहिजे, मी मनात म्हणाले, आणि घसरती पिपाणी वाजली.

मागे पोरं ओरडत होती. "लई भारी! आयला, लई भारी!" सगळ्यात मोठा आवाज छायाचा. "असली कॅसेट म्या जल्मात बघितली न्हाई!" मला वाटलं, ह्यांच्या डोळ्यांपुढे रंग आहेत म्हणून ही फसली. मी ती बांगडी नवरीच्या मनगटावर नीट बसवली, उठले, खोलीत गेले आणि पडद्यावर बघितलं. टोपीवाल्याच्या डोक्यावर टोपीऐवजी हेल्मेट होतं. वटवाघळं निळी केली होती. मोटारसायकल नव्हती, राजवाडा नव्हता, साप नव्हता. मी पेटीतली कॅसेट ओढून काढली. पडद्यावर मुंग्या आल्या.

"घरी जा सगळे," मी म्हणाले. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी नगर. शेठच्या दुकानात गर्दी होती, लाईट होती. मी कॅसेट काउंटरवर ठेवली. "ही जुनी आहे. वरचा कागद नवा आहे."

"असं कसं भाभी! बघा ना," म्हणून त्यानं ती लावली. "हिरो वेगळा. रंग वेगळा. गाणं वेगळं."

मी टीव्हीकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. "खेळा."

त्याच्या नोकरानं खेळायला घेतलं. मी पाठमोरी सांगत गेले. "उडी. उडी. आता नाणं. आता वटवाघूळ येतंय, वरून. आता दोन नाणी, पूल. पुढे खड्डा आहे, पडणार तो." तो पडला. दुकानातले लोक हसायला लागले. एक जण म्हणाला, "शेठ, ही बाई तर रेडिओवरची कॉमेंट्री करती!"

शेठचा मध तिथं संपला. "सील फुटलंय," तो म्हणाला. "सील फुटलं की माल तुमचा."

"आमच्यात मनगटावर बसेपर्यंत माल विकणाऱ्याचा असतो."

"ते तुमच्यात. आणि मला वरून असाच आलाय. मीही विसार देऊन बसलोय मुंबईच्या माणसाला. पेटीभर माल आहे माझ्याकडे हा. मी कुणाकडे जाऊ?"

"मुंबईला जा. मी कोल्हारहून आले ना?"

त्यावर तो लोकांकडे बघून म्हणाला, "भाभी, तुम्ही बांगड्या भरा. हे तुमचं काम नाही."

माझी तक्रार पैशाची नाही. पैसे मी आधीही घालवले होते, नंतरही घालवले. माझी तक्रार ह्या वाक्याची आहे, आणि ती अजून आहे. त्याला फुटका माल आला, हे खरं असेल. मी मानायला तयार आहे. पण वरून फुटका आला म्हणून तो खालच्याच्या हातात घालायचा? कुणीतरी एकानं कुठंतरी म्हणायला पाहिजे, की हा तुकडा माझा. शेठकडे पेढी होती, दोन मजले होते, तरी त्यानं म्हटलं नाही. बांगड्या भरणं म्हणजे काय, ते त्याला माहीत असतं तर त्यानं तो टोमणा मारला नसता.

मी कॅसेट पेटीतून ओढून त्याच्या काउंटरवर आपटली आणि निघाले. स्टँडपर्यंत गेले आणि परत येऊन घेऊन गेले. पैसे दिले होते मी तिचे.

दुसऱ्या दिवशी पोरांना ओळीनं उभं केलं आणि प्रत्येकाला त्याचा रुपया आणि सुपारी परत दिली. "मी फसले," मी म्हणाले, "म्हणून तुम्ही फसला. विसार परत घ्या." दत्तूनं छायाकडे बघितलं. छायानं जमिनीकडे बघत हात पुढे केला. मग बाकीच्यांनी केले. मला वाटलं, पोरांची मनं मोडली.

"भाभी," दत्तू म्हणाला, "तरीपन ती लावा की. खेळतो आमी."

"खोटा माल माझ्या दुकानात चालणार नाही."

तो चित्राचा कागद मी फाडला. कॅसेट पेटाऱ्याच्या तळाशी टाकली. उरलेली सुट्टी पोरं जुन्याच कॅसेटी खेळली, मग कंटाळली, मग लोणीला जायला लागली. तिथं त्याच कॅसेटी लागल्या होत्या, हेल्मेटवाला, निळी वटवाघळं, आणि तो माणूस कुणाला काही परत देत नव्हता. त्याची खोली भरलेली होती. पावसाळ्यानंतर मी दोन्ही टीव्ही विकले आणि मागच्या खोलीत पुन्हा खोकी ठेवायला लागले. नवीन कॅसेटचा विसार मी परत कधी दिला नाही आणि घेतला नाही. जो परत देतो त्याची खोली रिकामी होते आणि जो देत नाही त्याची भरते, हा हिशेब मला आजही जमत नाही.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या संध्याकाळी रुबीनाचा पुन्हा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. पेरूची बाग, मनगट, शेठ. सांगितलं की वस्तू तयार होण्याआधी पैसे द्यायला माझी हरकत नाही. चुडा तसाच होतो. पण फुटली तर ती कुणाची, हे आधी विचार. तुझी असेल तर नको देऊ. तलवार दिली, ढाल दिली तरी नको देऊ.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अम्मी, एक सांगू? आम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"काय?"

"पहिल्या खड्ड्यालाच. टोपीवाल्याला हेल्मेट घातलं म्हणून काय झालं? आम्ही रोज खेळत होतो."

ती तेव्हा लहान होती, तिसरीत असेल. त्या गर्दीत पुढे बसलेली होती, हे मी विसरलेच होते.

"मग ओरडत काय होता, लई भारी, लई भारी?"

"छायानं खुणावलं. हळूच म्हणाली, भाभी पाठमोरी हाय, तिला दिसत न्हाई. लई भांडून आनलीय तिनं. कुनी सांगायचं न्हाई."



"आणि विसार परत दिला तेव्हा?"

"तेव्हा सगळ्यांना वाटलं, कळलं हिला. दत्तू रडायच्या बेतात होता. छाया म्हणाली, आता मुकाट्यानं घ्या, न्हाईतर भाभीला अजून वाईट वाटंल."

तीसेक वर्षं मी मनात धरून बसले होते, की त्या दिवशी माझा शब्द पोरांपुढे पडला. मी नगरला जाऊन भांडले, खोली घालवली, ती त्याच्यासाठी. आणि पोरांनी तो शब्द माझ्या पाठीमागे, अक्षरशः पाठीमागे, उचलून धरला होता, घसा फोडून. माझ्या घरातल्या मुलीनंसुद्धा. शेठवरचा राग यानं कमी झाला नाही. उलट वाढला. अशी पोरं होती ती, आणि त्यानं त्यांच्या हातात हे ठेवलं.

"अम्मी? आहेस ना?"

"आहे."

"मग बुक करू का? माझे पैसे आहेत. खराब निघाला तर निघाला."

"कर," मी म्हणाले. "पण खराब निघाला तर लई भारी म्हणून ओरडायचं नाही. मला सांगायचं."

"सांगून तू काय करणार?"

"ते मी बघेन. तू सांगायचं."